डाव्या पायाजवळचे बटण

सोमवार, ९ जानेवारी १९५६

पारा नऊ अंश फॅरनहाइटवर. वारा तळ्याकडून. इंडियानातल्या शेतावर वडील रोजच्या वहीत हवा आणि कोणती गाय व्यायली एवढेच लिहीत. मलाही हवेपासून सुरुवात केल्याशिवाय पुढचे सुचत नाही.

आज कारखान्यात माझी जागा बदलली. पंचवीस वर्षे मी इथे आहे, त्यातली अठरा जोडणीच्या ओळीच्या शेवटी उभा राहून पिनबॉलची यंत्रे तपासली. आजपासून मला खोली आहे. जुनी हत्यारांची कोठी होती, तीच साफ केली. चारही बाजूंना छतापर्यंत लोखंडी जाळी, आत टेबल, दिवा आणि खुर्ची. ब्रूनो झाबेक आमचा फोरमन. तो माझ्यानंतर दोन वर्षांनी लागला आणि माझ्या वर गेला, पण वागायला कधी बदलला नाही. त्याने माझ्या हातात एक पोलादी ठसा ठेवला. त्याच्या टोकाला माझी अक्षरे कोरलेली, ओ. जी.

‘हा ठसा बसल्याशिवाय एकही यंत्र दाराबाहेर जायचं नाही,’ तो म्हणाला. ‘व्हॉससाहेब स्वतः म्हणाले, ऑर्लो गार्बरसारखा माणूस अख्ख्या शिकागोत नाही.’

तारा जोडणाऱ्या बायकांच्या बाकावरून हेडविग ओरडली, ‘अगं बायांनो, बघा! पाद्रीबुवांना पिंजऱ्यात घातलं. दाणे कोण टाकणार?’ मी डब्यापुढे डोके झुकवून प्रार्थना करतो, म्हणून मी पाद्रीबुवा. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

दाराची कडी बाहेरून आहे, आतून नाही. ठसा कुणी पळवू नये म्हणून, असे ब्रूनो म्हणाला. आतली लवकरच बसवू म्हणाला.

या वयात देवाने मान दिला. घरी बायकोला, व्हर्डाला, सांगितले. तिने विचारले, ‘पगार वाढला?’ नाही. ‘काम बदललं?’ तेच आहे. ‘मग काय वाढलं, ऑर्लो?’



गुरुवार, १२ जानेवारी

दिवसभर बर्फ. ब्रूनोने गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून दिला. प्रत्येक यंत्रामागे एक. वर छापले आहे, ‘तपासनिसाच्या सूचनेवरून बसवलेला जादा भाग’. खाली टाइप केलेले: बटण, एक. मोजणीचे चाक, एक. त्याखाली सहीची रेघ.

मी म्हटले, ‘ब्रूनो, हे मी सुचवलेलं नाही. हे तर पूर्वीपासूनच असतं.’

‘ऑफिसची कागदं रे. कागदाला कुणाचं तरी नाव लागतं.’

मी विचार केला. सुचवले मी नाही, हे खरे. पण बटण बसले आहे की नाही हे मी पाहतो, आणि नसेल तर बसवायला सांगतो. तेव्हा सही खोटी म्हणता येणार नाही. संध्याकाळपर्यंत चौतीस सह्या झाल्या.

शनिवार, २१ जानेवारी

जरा ऊब. रस्त्यावर नुसता चिखल.

जाळीवरचा यंत्राचा आराखडा काढून नवा लावला. कागद स्वच्छ, शाई ठळक. पण त्यात बटण दाखवलेले नाही.

ते बटण पेटीच्या तळाशी, पुढच्या डाव्या पायाजवळ असते. बोट जाईल एवढे. खेळणाऱ्याने जिंकलेले फुकटचे डाव वरच्या काचेवर आकड्यांत दिसतात. खालून बटण दाबले की ते टक् टक् करत शून्यावर येतात, आणि आतले चाक किती डाव पुसले ते लक्षात ठेवते. मी रोज दाबून पाहतो. वीस दिले, वीस पुसले, चाक वीसने पुढे. बरोबर. ते कशासाठी आहे हे आराखड्यावर कधीच लिहिलेले नव्हते आणि माझ्या कामाला ते लागत नाही.

हेडविग नवा आराखडा घेऊन ब्रूनोपुढे उभी राहिली. तारा बांधायच्या तिच्या पाटावर खिळे ठोकलेले असतात. कोणती तार कोणत्या खिळ्याला वळसा घालून कुठे जाणार, ते त्या खिळ्यांनीच ठरते. तिच्या डोळ्यांना आता रंग नीट दिसत नाहीत, पण पाटावर तिची बोटे चुकत नाहीत.

‘कागदावर बटणाची तार नाही,’ ती म्हणाली. ‘पाटावर तिचे खिळे आहेत. मी ऐकू कुणाचं?’

‘पाटाचं,’ ब्रूनो म्हणाला.

‘म्हणजे हातानं करायचं आणि कागदानं नाही म्हणायचं. लग्न झालंय माझं, मला कळतं ते.’

बायका खूप हसल्या. ब्रूनो हसला नाही. त्याची पोटदुखी परत सुरू झाली असावी. ऑफिसात आराखड्यांच्या नकला उतरवणारा नवा माणूस आला आहे म्हणतात. त्याच्याकडून तार राहून गेली असेल.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

पारा चौदावर. निम्मी ओळ बंद. दक्षिणेकडच्या हॅकर जिल्ह्यात शेरीफने बारमधून आमची एक्केचाळीस यंत्रे उचलली. म्हणे ही करमणुकीची यंत्रे नव्हेत, जुगाराची आहेत. जिंकलेल्या डावांचे बारवाला रोख पैसे देतो, मग बटण दाबून डाव पुसतो, आणि किती दिले ते चाकावर राहते. सव्वीस मार्चला सुनावणी आहे. कोर्टाने ते खरे मानले तर यंत्रे कुऱ्हाडीने फोडतील आणि कंपनीवर खटला भरतील. ब्रूनो म्हणतो, एका जिल्ह्यात फोडली की दुसऱ्यात फोडतील, आणि मग कारखान्याला टाळे.

आपल्या शहरात ही यंत्रे बनवता येतात, ठेवता येत नाहीत. चौदा वर्षांपासून बंदी आहे. आम्ही एकशे ऐंशी माणसे, जे बनवतो ते आपल्या गल्लीत कधी पाहत नाही. मला त्याचे कधी काही वाटले नव्हते.

दुपारी आमचे मालक व्हॉससाहेब पिंजऱ्याशी आले. (मीही पिंजराच म्हणू लागलो.) सोबत मिस्टर टॅनहिल म्हणून वकील. साहेबांनी जाळीतून दोन बोटे आत घालून माझ्याशी हस्तांदोलन केले. ‘ऑर्लो, पंचवीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही,’ ते म्हणाले. मी साक्ष द्यायची आहे.

शनिवार, ११ फेब्रुवारी

मिस्टर टॅनहिल फार सभ्य आहेत. त्यांनी कंपनीची गोष्ट माझ्या शब्दांत सांगायला सांगितली आणि स्वतः लिहून घेतली. मला आवडले. इतकी वर्षे कुणी विचारले नव्हते.

मी सांगितले: एकतीस साली व्हॉससाहेब रेडिओच्या पेट्या करत. रेडिओ कुणी घेईना. आक्रोडाच्या फळ्या उरल्या होत्या. त्यांनी एका फळीवर खिळे ठोकले, कड लावली, फळी तिरकी ठेवली आणि वरून गोटी सोडली. माझ्या वडिलांचे शेत त्याच वर्षी गेले होते. मला पहिले काम मिळाले ते खिळ्यांचे. एका फळीला एकशे साठ. ठोकणे सोपे, वाकवणे अवघड. खिळा केसभर इकडे झुकला तर गोटी भोकात जाते, तिकडे झुकला तर निसटते. ‘लोकांना वाटलं पाहिजे, थोडक्यात हुकली,’ असे साहेब म्हणत. औषधाच्या दुकानात काउंटरवर ती पेटी ठेवत. एका पेनीत सात गोट्या. बेकार माणसे तिथे तासभर उभी राहून हसत. त्या हसण्याला मी देवाची दया समजलो, आणि अजूनही समजतो.

मग विजेचे दिवे आले, घंटा आली, गोटीच्या जागी पोलादी गोळी आली. यंत्र हलवून गोळी वळवणाऱ्यांसाठी आत लोलक टांगला. फार हलवले तर लोलक कडीला टेकतो आणि डाव मरतो. तो लोलक मीच टांगत असे. लढाईत खेळ बंद होते, पॅराशूटच्या कड्या केल्या. लढाईनंतर गावातल्या दुसऱ्या एका कारखान्याने फळीच्या तळाशी दोन छोटे हात बसवले, खेळणाऱ्याला गोळी परत वर मारता यावी म्हणून. सगळ्यांनी बसवले, आम्हीही. तो चांगला काळ होता. सुतारखान्यातली माणसे जेवणाच्या सुट्टीत खेळून घामाघूम होत. मग पाच वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, हात काढा, पंचवीस भोके पाडा; गोळी कशात पडते ते आता नशिबावर.

इथे मिस्टर टॅनहिल यांनी पेनाला टोपण लावले.

‘एवढं पुरे,’ ते म्हणाले. ‘दोन हातांपर्यंत फार सुंदर आहे.’

मंगळवार, १४ फेब्रुवारी

पारा तिसावर. धुके. विशेष काही नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

गारठा. तिसरी तालीम झाली. मिस्टर टॅनहिल सरकारी वकील होतात, मी मीच.

‘हे बटण कशासाठी आहे, तुम्हाला ठाऊक आहे?’

‘मला कुणी सांगितलेलं नाही.’

‘छान. पण लांब झालं. नुसतं “नाही” म्हणा.’

‘कुणी सांगितलेलं नाही हे खरं आहे. ते म्हणायला मला हरकत नाही.’

मी सांगितले की कोर्टात मला शपथ घेता येणार नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, दोनशे वर्षांत कुणी घेतलेली नाही. होय म्हणायचे ते होय, नाही म्हणायचे ते नाही, त्यावर देवाचे नाव चढवायचे नाही. कायद्यात त्याची सोय आहे, नुसते ‘खरे सांगतो’ म्हटले तरी चालते. मला वाटले ते चिडतील. ते तर आनंदाने उठून उभेच राहिले.

‘तो न्यायाधीश खेड्यातला आहे,’ ते म्हणाले. ‘तुमच्यासारखी माणसं त्याच्या शेजारी राहतात. मिस्टर गार्बर, तुमचं एक “नाही” दहा जणांच्या शपथेएवढं आहे.’

घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून जाईना. स्तुती होती, पण अंगावर घातलेल्या दुसऱ्याच्या कोटासारखी वाटत होती.

रविवार, ४ मार्च

सकाळी ऊन, दुपारी वारा.

बंधू इझ्रा फ्लोरी घरी आले. प्रीतिभोजनाच्या आधी मंडळीचा सेवक प्रत्येकाच्या घरी जाऊन तीन प्रश्न विचारतो. यंदा भोजन एकोणतीस तारखेला, गुरुवारी. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांचे पाय धुतो आणि एका टेबलावर जेवतो. मनात गाठ असलेल्याने बसायचे नाही.

व्हर्डाने ‘ॲपल पाय’ भाजला होता. बंधू फ्लोरींनी दोन तुकडे खाल्ले, हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला. श्रद्धा टिकून आहे ना? होय. मग दुसरा.

‘तुला ठाऊक असेल तिथवर, ऑर्लो, मंडळीशी आणि सगळ्यांशी तुझा समेट आहे ना?’

तीस वर्षे हाच प्रश्न याच शब्दांत ऐकतो आहे. आज मी ‘ठाऊक असेल तिथवर’ या शब्दांपाशी अडलो.

‘अरे, याला तर लोक सगळ्यांत पटकन उत्तर देतात,’ ते म्हणाले. ‘व्हर्डाशी भांडलास का?’

‘माझ्याशी भांडायला तो जागेवर लागतो,’ व्हर्डा म्हणाली.

मी होय म्हटले. तिसऱ्यालाही होय म्हटले. दारात त्यांना विचारले, ते शब्द प्रश्नात का घातले असतील?

‘दया म्हणून,’ ते म्हणाले. ‘जे माणसाला ठाऊकच नाही, त्याचा जाब देव कसा विचारेल?’

ते गेल्यावर मी पायरीवर बसून राहिलो. व्हर्डाने कोट आणून खांद्यावर टाकला.

शनिवार, १० मार्च

पाऊस आणि बर्फ एकदम. तळघरात जाऊन जुन्या वह्या काढल्या. एकोणपन्नासची सापडली. आठ ऑक्टोबर. त्या पानावर असे आहे: ‘पावसाची रिपरिप. पारा पन्नासवर. हार्लनला मूठमाती दिली.’

तेवढेच आहे. आता राहिलेले लिहितो.

धाकट्या भावाला पुरून परत येताना बस चुकली. पाऊस होता. घरी फोन करायचा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा मी बारमध्ये शिरलो. कोपऱ्यात आमचे यंत्र होते. पेटीच्या कडेवर रंगवलेली वेल मी ओळखली. एक शेतकरी खेळत होता, बूट चिखलाने भरलेले. काचेवर छप्पन्न आकडा होता. बारवाला हात पुसत आला, आकडा पाहिला, गल्ल्यातून नोटा काढून त्याच्या हातावर ठेवल्या. मग गुडघ्यावर बसून पेटीखाली, डाव्या पायाजवळ, हात घातला.

टक् टक् टक्. छप्पन्न वेळा. मी मोजले नाही, कान मोजत होते. तो आवाज माझ्याइतका कुणी ऐकला नसेल. फोनमध्ये व्हर्डा हॅलो हॅलो म्हणत होती. मी फोन ठेवला आणि पावसात जाऊन उभा राहिलो.

सोमवारी कामावर गेलो आणि बटण दाबून पाहिले. कुणाला काही विचारले नाही. न विचारल्यामुळे मला कुणी सांगितले नाही. कुणी सांगितले नाही, म्हणून मला ठाऊक नाही. साडेसहा वर्षे मी यावर उभा आहे.

आणि गेल्या महिन्याच्या चौदा तारखेचे पानही पाहिले. धुके. त्या दिवशी बॉयलरच्या भट्टीत जुने आराखडे, बटण दाखवलेले, जाताना मी पाहिले होते. तेही लिहिले नाही.

बुधवार, १४ मार्च

ऊन. मिशिगन तळ्याचा बर्फ फुटला म्हणतात.

जेवणाच्या सुट्टीत ब्रूनो पिंजऱ्यात आला. मी सांगितले की मी एकोणपन्नास साली पाहिले आहे, आणि आता नाही कसे म्हणू.

तो सॉसेज चावत राहिला. ‘मग? तुला काय वाटलं, ते बटण सगळ्यांना दुरुस्तीचं वाटतं? हेडविगला ठाऊक आहे. झाडूवाल्याला ठाऊक आहे. माझ्या सासूला ठाऊक आहे, आणि तिला इंग्रजी येत नाही! म्हणून तर आमच्यातलं कुणी उभं करता येत नाही, ऑर्लो. तुलाच येतं.’

‘मलाच का?’

‘कारण तू विचारलं नाहीस. सगळे पहिल्या महिन्यात विचारतात. तुझी आम्ही गंमत म्हणून वाट बघायचो, हा कधी विचारतो. मग साहेब म्हणाले, त्याला कुणी काही सांगू नका, असा माणूस पुढंमागं लागतो.’

मी टेबलाची कड धरली. बाहेर ओळ सुरू झाल्याची घंटा झाली.

‘नुसतं नाही म्हण,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘आमच्यासाठी नको म्हणूस. स्वतःसाठी म्हण.’

‘स्वतःसाठी म्हणजे?’

त्याने अर्धे सॉसेज कागदात गुंडाळून तिथेच टेबलावर ठेवले आणि गेला. ब्रूनो अन्न टाकणारा माणूस नाही. दार सवयीने बाहेरून लावून गेला. मी हाक मारली, पण ओळीचा आवाज फार होता. शेवटी हेडविगने येऊन कडी काढली.

‘सगळं ऐकलं मी,’ ती म्हणाली. ‘खोटं बोल असं म्हणणार नाही, मलाही पोपला तोंड दाखवायचंय. पण एक सांगते, पाद्रीबुवा. हा पाट सोडला तर मला या शहरात कोण घेणार? छप्पन्न वर्षांची अर्धी आंधळी. तुझ्या एका शब्दासाठी आम्ही सगळ्यांनी भाकरी सोडायची, आणि स्वर्गात तू एकटाच जायचास, नाही का?’

तिने माझ्या कॉलरवरचा लाकडाचा भुसा झटकला आणि पाटाकडे गेली.

सोमवार, १९ मार्च

ढग. पाच तालमी झाल्या. आज मिस्टर टॅनहिल यांनी माझे ‘नाही’ फार आवडले असे सांगितले.

सकाळी न्याहारीला व्हर्डा म्हणाली, ‘ठाऊक नसायला इतकी शिकवणी लागत नाही, ऑर्लो.’

मी अंडे खात राहिलो. मग तिला बारचे सांगितले. ती चकित झाली नाही.

‘फोनवर मी ऐकली होती ती टकटक,’ ती म्हणाली. ‘परत आल्यावर विचारलं तुला, कसला आवाज होता. तू म्हणालास, लाइन खराब होती.’

हे मी विसरलो होतो. विसरलो होतो असे लिहिले, पण आता असे लिहिताना हात थांबतो.

तिला गुलाबी चिठ्ठ्यांविषयीही सांगितले. तिने काट्याने बशी बाजूला केली. ‘किती सह्या केल्यास?’

‘पाचशेच्या वर.’

‘आराखड्यात बटण नाही. जुने जाळले. चिठ्ठीवर लिहिलंय, तू बसवायला सांगितलंस. ऑर्लो, बटण कुणी बसवलं असं कोर्टानं विचारलं तर कंपनीकडे काय उत्तर आहे?’

मी म्हटले, व्हॉससाहेबांना मी पंचवीस वर्षे ओळखतो. ऑफिसचे कागद नेहमीच गोंधळाचे असतात. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती इतकी का घाबरली ते मला कळले नाही. माझी भीती वेगळी आहे. नाही म्हटले तर एकोणतीस तारखेला भोजनाच्या टेबलाशी बसणारा मी नसेन. होय म्हटले तर हेडविगच्या ताटातले काढून घेणारा मी असेन. प्रार्थनेला बसलो की दोन्ही बाजूंना जाळी दिसते आणि कडी बाहेरून.

मंगळवार, २७ मार्च

दव. सकाळी सहाला लिहितो आहे. काल सुनावणी झाली, रात्रीच्या गाडीने परत आलो.

कोर्ट लहान, लाकडी, आमच्या गावच्या शाळेएवढे. तसाच खडूचा वास. एक यंत्र मध्ये आणून ठेवले होते. त्याच्यावर माझा ठसा. मी शपथ न घेता खरे सांगतो म्हटले, आणि न्यायाधीशांनी ओळखीची मान हलवली. मिस्टर टॅनहिल यांनी कंपनीची गोष्ट विचारली, मी दोन हातांपर्यंत सांगितली. बाकावरची म्हातारी माणसे गोट्यांच्या वेळेला हसली.

मग सरकारी वकील उठला. तरुण, बाह्या आखूड झालेला कोट.

‘हे बटण तुम्ही रोज दाबता?’

‘होय.’

‘किती वर्षं?’

‘अठरा.’

‘ते कशासाठी आहे, ठाऊक आहे तुम्हाला?’

मी ठरवले होते की सांगायचे. पण तोंडातून तालमीतलेच आले. ‘मला कुणी सांगितलेलं नाही.’ मागे ब्रूनोने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

‘तुम्ही विचारलं नाहीत?’

‘नाही.’

‘अठरा वर्षांत एकदाही नाही?’

‘नाही.’

तो बसायला वळला होता. खुर्चीला हात लावला आणि थांबला. मला वाटते, वकील म्हणून नव्हे, सहजच त्याने विचारले. ‘का?’

मिस्टर टॅनहिल उठून काही बोलले. न्यायाधीश म्हणाले, उत्तर देऊ द्या. हा प्रश्न तालमीत नव्हता. त्यामुळे माझ्याजवळ त्याचे एकच उत्तर होते.

‘कारण मला ठाऊक होतं,’ मी म्हटले.

मग बारचे सगळे सांगितले, छप्पन्नपर्यंत. मी ब्रूनोकडे पाहिले. तो टोपीच्या आत बघत होता.

त्यानंतर मिस्टर टॅनहिल यांनी बॅगेतून आराखडे काढले आणि गुलाबी गठ्ठा काढला. म्हणाले, कंपनीच्या रचनेत असे बटण नाही. कंपनीला या साक्षीने धक्का बसला आहे. कुणाच्या सूचनेवरून हा भाग बसवला जात होता ते या पाचशे बारा सह्यांवरून दिसेल. त्यांनी सही वाचून दाखवली. माझे नाव त्यांच्या तोंडून परके वाटले. मला वाटले, ते घाईत कागद चुकीचे समजले आहेत. हात वर केला, पण मला खाली बसायला सांगितले.

गाडीत ते दुसऱ्या डब्यात बसले. ब्रूनो माझ्या डब्यात आला आणि समोर बसला. मग म्हणाला, ‘मी तुला सांगितलं होतं, स्वतःसाठी म्हण.’

‘चिठ्ठ्यांचं तुला ठाऊक होतं?’ मी विचारले.

‘तू मला कधी विचारलंस?’ तो म्हणाला, आणि रडू लागला. मी त्याला रुमाल दिला. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना पाहणे कठीण असते. मला त्याचा राग आला नाही. येईल बहुतेक.

झोप मात्र चांगली लागली. हे लिहायला संकोच वाटतो, पण लागली.

बुधवार, २८ मार्च

ऊन. पारा बावन्नवर. अंगणात पहिला रॉबिन पक्षी.

काल कारखान्याच्या दाराशी माझा डबा आणि चष्मा एका खोक्यात ठेवलेले होते. ठसा नव्हता. आत ओळ चालू असल्याचा आवाज येत होता. म्हणजे अजून टाळे नाही. हेडविग खिडकीशी आली. तिने हात केला नाही, पण खिडकी सोडूनही गेली नाही.

आज दहाच्या सुमारास दार वाजले. हॅकर जिल्ह्याच्या शेरीफचा माणूस, आणि त्याच्या मागे आपल्या शहराचा पोलीस. शेरीफचा माणूस पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, पायपुसण्यावर बूट नीट घासून आत आला. त्याने कागद वाचला. जुगाराच्या यंत्रांची रचना करणे आणि ती जिल्ह्यात पाठवणे, ऑर्लो एस. गार्बर. दुसऱ्या कुणाचे नाव त्यात नव्हते. मी त्याला पुन्हा वाचायला सांगितले. त्याने वाचले. तेव्हा व्हर्डा एकोणीस तारखेला तोंडावर हात का ठेवून बसली होती ते मला कळले.

ती आतून माझा कोट घेऊन आली. बाह्या तिने स्वतः माझ्या हातात चढवल्या, लहान मुलाला घालतात तशा. दोघांना कॉफी विचारली. पोलीस नको म्हणाला, शेरीफचा माणूस उभ्याने प्याला. या चार ओळी लिहू द्या म्हटले तर त्याने त्याही लिहू दिल्या. तो शेजारी उभा आहे आणि वाचत नाही.

मी त्याला एकच विचारले. उद्या संध्याकाळी आमच्या मंडळीचे भोजन आहे. तोवर परत येता येईल का?

‘मला ठाऊक नाही,’ तो म्हणाला, आणि कपात बघू लागला.

त्याला ठाऊक होते.